ट्रकच्या वाटेत बसलेली स्योमिती

स्योमिती लग्न होऊन आमच्या क्यांगोला गावात आली तेव्हा मी आईच्या पाठीवर बांधलेली होते. त्यामुळे तिचं पहिलं भांडण मला आईच्याच तोंडून कळलं. आल्याच्या चौथ्या दिवशी ती इथाना नदीच्या पात्रात पाण्याला गेली आणि झिऱ्यापाशी बसून भर दुपारी गोष्ट सांगायला लागली. आमच्याकडे गोष्टी सांगायच्या त्या दिवस मावळल्यावर, चुलीपाशी. दिवसा सांगितल्या तर चरायला गेलेली गुरं वाट चुकतात, असं सगळ्या म्हाताऱ्या मानायच्या. रांगेत तिची सासूही होती. तिने चारचौघींसमोर सुनेला झापलं.

स्योमितीने वाळूत टेकलेले गुडघे हलवले नाहीत. पाणी उपसता उपसता ती म्हणाली, "आई, रात्री माझ्या अंगात तोंड उघडायचंही त्राण राहत नाही. गुरं चुकली तर मी शोधून आणते. तुम्ही ऐका."

गुरं त्या संध्याकाळी नेहमीसारखी घरी आली. दुसऱ्या दिवशी सासू रांगेत पहिली येऊन बसली. पुढे काय झालं ते कळायला हवं होतं ना.

इथाना म्हणायला नदी. वर्षातले वीसेक दिवस ती वाहते, तीही अशी की एखादी गाय सहज घेऊन जाईल. बाकी सारं वर्ष पात्रात नुसती वाळू. पाणी असतं ते त्या वाळूच्या पोटात. हाताने खड्डा खणायचा, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचं, आणि तळाशी पाझरेल तेवढं अर्ध्या भोपळ्याच्या वाटीने कॅनमध्ये ओतायचं. ऑगस्ट सरला की झिरा दमतो. वीस लिटरचा एक कॅन भरायला पाऊण तास, कधी तास. रांगेत पंधरा बायका आणि सहा-सात गाढवं. त्या वेळात आम्ही घायपाताचा वाख वळायचो, टोपल्या विणायचो, आणि स्योमिती बोलायची.

तिच्या गोष्टी तशा सगळ्यांना ठाऊक असलेल्याच. तरस, ससा, माणसं गिळणारा राक्षस. पण तिचा तरस सरकारने नेमलेल्या आमच्या गावच्या चीफसारखा घसा खाकरायचा, आणि तिचा ससा बाजारातल्या मक्याच्या व्यापाऱ्यासारखा मापात मारायचा. ज्याची नक्कल चालली आहे तो माणूस शेजारून गेला तरी ती थांबायची नाही, उलट आवाज चढवायची. तिचा एकच नियम होता. जिचा कॅन भरत असेल तिच्यासाठी गोष्ट, आणि कॅन भरला की गोष्ट तिथेच तोडायची. मग राक्षसाने मुलीचा पाय धरलेला का असेना. उरलेली उद्या. माझ्या वयाच्या मुली पाणी भरायला कधी कुरकुरल्या नाहीत, त्याचं कारण हे.

तिचा नवरा मोम्बासाच्या बंदरात हमाली करायचा. आधी दर नाताळला यायचा, मग एकाआड एक, मग आलाच नाही. कुणी हळहळायला लागलं की ती म्हणायची, तो हरवला असेल, मी नाही हरवले. दोन मुली आणि एक मुलगा तिने तुरीच्या आणि मक्याच्या चार पट्ट्यांवर वाढवले. मुलाचं नाव मुथामा. मोठा झाल्यावर आडदांड, अबोल, आणि आईसारखाच हट्टी.

वाळूचे ट्रक आले तेव्हा मुथामाला लेकरू झालं होतं आणि त्याच्याकडे काम नव्हतं.

शहरात इमारती वर चढत होत्या आणि इमारतीला वाळू लागते. हे आम्हाला किवुवाने समजावलं. किवुवा आमच्याच भागातला, पण तालुक्याच्या गावी पक्कं घर बांधून राहणारा. त्याने चीफची परवानगी आणली, पात्रात उतरायला काठ फोडून रस्ता केला, आणि गावातल्या तरुणांना फावडी दिली. पहिल्या महिन्यात दिवसाला दोन ट्रक, पुढे दहा, पुढे वीस. मुथामा पहिल्या दिवसापासून होता. त्याच्या घरावर नवा पत्रा आला. आम्ही बायकाही गप्पच होतो. पत्रा सगळ्यांनाच हवा होता.

स्योमिती मात्र पहिल्याच आठवड्यात चीफकडे गेली. चीफ किथेका तिला म्हणाला, वाळू पावसाबरोबर परत येते, काळजी नको. ती म्हणाली, तू नेशील तितकी नाही येत. त्याने हसून तिला चहा देऊ केला. ती न पिता परत आली.

दोन वर्षांत आमचा झिरा हातभर होता तो पुरुषभर झाला, मग दीड पुरुष. खाली उतरायला पायऱ्या खणाव्या लागायच्या. एक बाई तळाशी, दुसरी मधल्या पायरीवर, तिसरी वर, अशी वाटी वर यायची. कॅनला अडीच तास लागायला लागले. पाणी राखाडी यायचं. रांगेत कुणी हसेनासं झालं. बायका एकमेकींच्या कॅनकडे डोळे लावून बसायच्या, आणि दोनदा तर मारामारी झाली. स्योमिती तरी गोष्ट सांगायची. आता तिला मधूनच थांबून विचारावं लागे, "झोपलात का गं?"

त्या सप्टेंबरात, दुपारी बाराच्या सुमारास, झिऱ्याची भिंत ढासळली. तळाशी कतुंगे होती, एकोणीस वर्षांची, माझ्या मावशीची धाकटी. मी वरच्या पायरीवर होते. माझ्या हातातली वाटी भरलेली होती, एवढंच मला आठवतं. खाली पाहिलं तर कतुंगे नव्हती. तिचं तोंड आणि एक हात वाळूच्या वर होता, बाकी सगळी ती आत.

आम्ही किंचाळत हातांनी उकरायला लागलो. जितकं उकरावं तितकं वरून घसरत होतं. स्योमितीने आम्हाला थांबवलं. ती पोटावर पालथी पडून सरकत खाली गेली, कतुंगेच्या तोंडाभोवती स्वतःच्या दोन्ही हातांचं कडं केलं आणि बाजूने येणारी वाळू अडवून धरली. मग तशीच, तोंडाशी तोंड नेऊन, ती गोष्ट सांगायला लागली. नदी पिऊन टाकणाऱ्या राक्षसाची. सगळं पाणी पोटात गेल्यामुळे तो इतका जड झाला की त्याला उठता येईना, आणि एक मुलगी रोज येऊन त्याच्याकडे एक घोट मागायची.

"मग मुलगी काय म्हणाली?" स्योमितीने विचारलं.

कतुंगेचे डोळे मिटत होते. "मला नाही ठाऊक."

"तुला ठाऊक आहे. शंभरदा ऐकली आहेस. काय म्हणाली?"

"एक घोट दे म्हणाली."

"आणि तो काय म्हणाला?"

असं ती एकेक शब्द तिच्या तोंडून ओढून काढत होती. मी तेवढ्यात धावत वरच्या अंगाला गेले, जिथे ट्रक भरत होते. मुथामाला सांगितलं. त्याने फावडं टाकलं आणि उभ्या ट्रकच्या बाजूचे लाकडी फाळके उपटायला लागला. ड्रायव्हर ओरडला की गाडी माझ्या जबाबदारीवर आहे. मुथामाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आठ जण चार फाळके घेऊन पळत आले. त्यांनी ते भिंतींना टेकवून आत ठोकले, वाळू थोपवली, आणि मधून हळूहळू उकरत गेले. तीन तास लागले. तेवढा वेळ स्योमितीचे हात हलले नाहीत आणि तोंड थांबलं नाही. राक्षसाची गोष्ट संपली तेव्हा तिने दुसरी काढली, मग तिसरी. कतुंगे बाहेर आली तेव्हा तिचा डावा पाय मांडीत मोडलेला होता. ती आजही लंगडते. पण जिवंत आहे, आणि तिला चार मुलं आहेत.

आम्हाला वाटलं, आता ट्रक येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आले. मुथामाही आला.

स्योमिती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "काल केलंस ते चांगलं केलंस. आज काय करतो आहेस?"

"घरात तूर शिजते ती या फावड्यावर, आई."

"मग आजपासून माझ्या वाटची शिजवू नकोस."

एवढं बोलून ती वळली. काठ फोडून जो रस्ता केला होता, जिथून ट्रक पात्रात उतरायचे, त्याच्या बरोबर मधोमध ती खाली बसली. टोपली मांडीवर घेतली आणि वाख वळायला लागली. रिकामे ट्रक मागे थांबले, भरलेले पुढे थांबले. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवला. तिने टोपलीचा एक वेढा पुरा केला आणि दुसरा धरला.

पहिल्या दिवशी ती एकटी होती. मी काठावरून पाहत होते. जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता, हे मी लपवत नाही. माझ्या नवऱ्याचा भाऊ फावड्यावर होता. दुसऱ्या दिवशी कतुंगेची आई जाऊन तिच्याशेजारी बसली. मग मी गेले. आठवड्याअखेर आम्ही एकतीस जणी होतो, गाढवांसकट.

किवुवा पाचव्या दिवशी स्वतः आला. त्याने चांगले बूट घातले होते आणि तो गोड बोलला. म्हणाला, आजी, या वयात उन्हात कशाला बसता, मी तुमच्या दारात सिमेंटची टाकी बांधून देतो, खास तुमच्यासाठी.

स्योमितीने विचारलं, "टाकीत घालायला पाणी कुठून आणशील?"

बायका हसल्या. किवुवाचा चेहरा बदलला. "नदी काय तुझ्या बापाची आहे?"

"नाही. तुझ्याही बापाची नाही. म्हणून मी फक्त तिच्यात बसले आहे. उचलून घरी नेत नाहीये."

अकराव्या दिवशी चौकीवरून दोन शिपाई आले आणि रस्ता अडवल्याबद्दल तिला घेऊन गेले. एकटीला नेलं, म्हणजे बाकीच्या उठून जातील असा हिशेब. आम्ही उठलो खऱ्या, पण घरी गेलो नाही. सगळ्या जणी गाढवं घेऊन चौकीच्या आवारात जाऊन बसलो आणि गाढवांसाठी पाणी मागितलं. पहिल्या दिवशी शिपायांनी दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची टाकी तळाला गेली, आणि फौजदाराच्या बायकोने आतून भांडी आपटायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्योमितीला सोडून दिलं. ती बाहेर आली आणि गाढवांकडे बघत म्हणाली की तीन दिवसांत हीच तेवढी तब्येतीने सुधारली. तिथून ती थेट पात्रात जाऊन बसली.

मग चीफने सभा बोलावली. जिल्ह्याचे एक अधिकारी येणार होते, नवीनच बदलून आलेले, दूरच्या मुलखातले. बाभळीखाली खुर्च्या मांडल्या. किवुवा अर्धा तास बोलला. रोजगार, पत्रे, शाळेला दिलेली बाकं. चीफ त्याहून जास्त बोलला. शेवटी त्याने सांगितलं की बायकांच्या वतीने एकीने दोन मिनिटं बोलावं.

स्योमिती उठली. "दोन मिनिटांत मावेल असं माझ्याकडे काही नाही. साहेब, एक रिकामा कॅन घ्या आणि झिऱ्यावर चला. कॅन भरेपर्यंत बोलते. भरला की गप्प बसते."

चीफ हसला. अधिकाऱ्यांना वाटलं असणार की कॅन म्हणजे पाच मिनिटांचं काम. ते उठले. खुर्च्या, छत्र्या, सारी सभा त्यांच्या मागोमाग पात्रात आली. कतुंगेच्या भावाने तळाशी उतरून पहिली वाटी भरली.

त्या दिवशी स्योमितीने तरस, ससा, राक्षस, कुणालाच बोलावलं नाही. ती नदीचं सांगत गेली. कुठल्या वर्षी कोण कुठे खणायचं. तिच्या सासूचा झिरा कोपरभर होता, आणि तिथे पाणी इतकं गोड होतं की बाळंतिणीला तिथलंच नेत. दुष्काळाच्या कुठल्या साली वरच्या गावाची माणसं गुरं घेऊन आली, आणि दोन गावं एका झिऱ्यावर चार महिने जगली, एक माणूस मेला नाही. अमुक दगड तेव्हा वाळूत बुडालेला होता, आता तुमच्या डोक्यावर आहे, तो पाहा. तिने एकेका बाईला नावाने उभं केलं आणि आज पाणी कुठून आणलं ते सांगायला लावलं. कुणी आठ किलोमीटरवरून, कुणी अकरा. मधूनमधून ती खाली हाक मारायची, "किती झाला?" खालून उत्तर यायचं, "चार बोटं."

एक तास गेला. ऊन वाळूतून वर येत होतं. अधिकाऱ्यांची बाटली संपली. त्यांनी हळूच पाणी मागितलं. स्योमितीने कॅनकडे बोट दाखवलं. "भरतोय, साहेब. थांबा."

आणखी एक तास गेला. किवुवाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला की साहेबांना पुढची कामं आहेत. अधिकारी उठायला लागले. ती म्हणाली, "गोष्ट अर्धी टाकून उठायचं नसतं, साहेब." आवाज तिने चढवला नव्हता. ते परत बसले.

मग त्यांनी विचारलं, ही एवढी वाळू नेमकी काढली कुणी आणि किती. चीफ कागद शोधायला लागला. गर्दीच्या मागच्या बाजूने मुथामा पुढे आला. आईशी बोलून त्याला महिना झाला होता.

"मी काढली," तो म्हणाला. "दोन वर्षं. माझ्यासारखे आणखी चाळीस. दिवसाला वीस ट्रक. कागदावर किती आहेत मला माहीत नाही, मी भरलेले सांगतो." मग त्याने काठावरची जागा दाखवली, जिथपर्यंत वाळू असायची. ती अधिकाऱ्यांच्या छत्रीच्याही वर होती.

भिंत ढासळल्यापासून झिरा आणखीच आटला होता. ऊन उतरलं तेव्हा कॅन अर्धाही भरला नव्हता, आणि आत होतं ते गढूळ. अधिकाऱ्यांनी वाकून वास घेतला. तिथेच मांडीवर वही ठेवून त्यांनी आदेश लिहिला की वरच्या आणि खालच्या अंगाच्या टेकड्यांपर्यंत पात्रातून वाळू काढायची नाही. स्योमिती म्हणाली, कॅन भरला नाही, अजून बोलायचं आहे. ते म्हणाले, आई, मला कळलं. ती म्हणाली, कळलं असेल, पण बाकीचं ऐका. आणि त्यांनी ऐकलं.

ट्रक थांबले, पण वाळू काही आदेशाने परत आली नाही. पहिल्या वर्षी पाणी नव्हतं. तरुणांचं काम गेलं होतं आणि पुष्कळ घरांत स्योमितीचं नाव घेऊन शिव्या दिल्या जात होत्या. तिच्या कुंपणाला कुणीतरी आग लावली. तिने नवं कुंपण घातलं आणि पात्रात दगड वाहायला सुरुवात केली. खालच्या अंगाला दोन खडक समोरासमोर आहेत, त्यांच्यामध्ये भिंत घातली तर पुराबरोबर येणारी वाळू तिथे अडते, असं तिने दुसऱ्या एका गावात पाहिलं होतं. सिमेंट चर्चच्या मंडळाने दिलं, बाकी सगळं आम्ही डोक्यांवर वाहून आणलं. सोळा महिने. मुथामा तिसऱ्या दिवशी आला आणि न विचारता सिमेंट कालवायला लागला. दुपारी तिने उकडलेला मका आणि तूर त्याच्या पानात वाढली, तेवढंच.

पहिल्या पुराने भिंतीचं एक टोक फोडून नेलं. काही जणी रडल्या. ती त्या भगदाडात उभी राहून दगड कुठले बसवायचे ते सांगायला लागली. तिसऱ्या पावसानंतर वाळू भिंतीच्या माथ्याला लागली, आणि त्या सप्टेंबरात मी कोपरभर खणलं तेव्हा बोटांना गार लागलं. मी तिला हाक मारली. तिने येऊन हात घातला, चाखलं, आणि म्हणाली, अजून सासूच्या पाण्यासारखं नाही. पण हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

किवुवाला काहीही झालं नाही. तो ट्रक घेऊन दुसऱ्या नदीवर गेला, आणि आता मोठ्या कचेरीत त्याची ऊठबस आहे. गेल्या वर्षी कचेरीच्या दारावर एक नोटीस लागली की इथानाचं पात्र साफ करण्यासाठी साचलेली वाळू काढायचा अर्ज आला आहे, कुणाची हरकत असेल तर लेखी द्यावी. मी ती वाचून दाखवली. स्योमिती आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि गुडघ्यांनी जवळजवळ संप केला आहे. तिने सही शिकवायला मला बसवलं. मी म्हटलं, अंगठा चालतो. म्हणाली, अंगठा कुणाचाही असतो. तीन आठवडे ती वाळूत काडीने अक्षरं गिरवत होती.

मग मोटरसायकलवर मुथामाच्या मागे बसून ती कचेरीत गेली. मी वेगळी गेले, हरकतीचा अर्ज माझ्याकडे होता. तिने कारकुनासमोर सही केली. ती अर्ध्या पानाची झाली आणि खालच्या दोन ओळींवर चढली. कारकून म्हणाला, ठेवा तिथे, साहेब बघतील.

"तू आधी वाच," स्योमिती म्हणाली. "मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. रांगेतली माणसं थांबली होती. तिने त्याच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. त्याने कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली.